हळदीचा उजेड

जत्रेच्या दिवशी कपाळ मागं घेणारं माणूस त्या घरात आजवर जन्मलं नव्हतं. म्हाळसाबाईचं बोट भंडाऱ्यात बुडून भाचीच्या कपाळाशी पोचलं होतं, आणि ऐन वेळी ज्ञानेश्वरी दोन पावलं मागं सरून म्हणाली, "आत्या, आत्ता नको. मागनं लावा."

बोट तसंच हवेत राहिलं. चुलीपुढं बसलेल्या उमाबाईच्या हातातली भाकरी थापायची थांबली. ज्ञानेश्वरी तिच्या पोटची पोर, पण लग्न होऊन आल्यापासून उमाबाई नणंदेच्या तोंडाला भीत आली होती, आणि आता त्या तोंडातून काय बाहेर पडतंय या धास्तीनं तिनं उगाचच पदर सावरला.

"पुण्याला हळद महाग झाली काय गं?" म्हाळसाबाई म्हणाली.

"तसं न्हाय, आत्या."

"मग कसं? शिकलेल्या कपाळाला डाग पडतो व्हय?"

ज्ञानेश्वरी दाराकडं सरकली. काल दिवेलागणीला ती भूमच्या एसटीतून उतरली तीच मुळी बर्फाची एक भलीमोठी पेटी पोटाशी धरून. बापाशी धड बोलली नाही, पोटभर जेवली नाही, पेटी उशाशी घेऊन झोपली. जिचं नाव परदेशातल्या मासिकांत छापून येतं म्हणून सगळी वस्ती मान ताठ करून हिंडत होती, ती पोर आपल्याच घरात चोरासारखी वावरत होती. म्हाळसाबाईला राग आला होता तो त्याचा. भंडारा हे निमित्त.

बाहेर रामहरी बॅनर बांधत होता. तिघा भावंडांतला हा शेंडेफळ. थोरली म्हाळसाबाई विधवा होऊन माहेरी आली ती मेंढरांची मालकीण होऊन बसली, मधला बिरू, ज्ञानेश्वरीचा बाप, जन्मभर मेंढरांमागं चालला, आणि रामहरी शिकून भूमला नोकरीला लागला. तेव्हापासून बॅनर लावल्याखेरीज घरात काही घडलं असं त्याला वाटतच नसे. बॅनरवर लिहिलं होतं, 'मेंढीच्या लाळेतून महाऔषधाचा शोध लावल्याबद्दल डॉ. ज्ञानेश्वरी यांचा भव्य सत्कार'. ज्ञानेश्वरीचा फोटो बेताचा होता आणि हात जोडलेल्या रामहरीचा तिच्याहून जरा मोठा.

"नाना, औषध कुठाय त्याच्यात?" ज्ञानेश्वरी दारातून म्हणाली. "मी कवा म्हणले औषध?"

"हुईल की. आज न्हाय तर उद्या. बॅनर काय रोज रोज छापायलेत का?"

तेवढ्यात बिरू आला. नवं धोतर, तांबडा पटका, आणि कमरेला पिढ्यान् पिढ्यांची भंडाऱ्याची पिशवी. जमलेल्या पावण्यांना तो सकाळपासून एकच गोष्ट सांगत होता: लेकीनं फोनवर दाखवलं आणि दिवाळीत आपण सोताच्या हातानं लाळेच्या चाळीस नळ्या कशा भरल्या, एक थेंब सांडू दिला नाही. अंगठाबहाद्दर माणूस, पण लेकीच्या शोधात आपला हात आहे हे सांगताना त्याचा आवाज कापायचा. आताही तो लेकीकडं बघून हसला, आणि ज्ञानेश्वरी मान फिरवून वस्तीच्या मागं निघून गेली.

म्हाळसाबाईनं ते पाहिलं. बोट पदराला पुसून ती तडक पोरीच्या मागं निघाली.

वस्तीच्या मागं, जाळीच्या आत मेंढरं दाटीनं उभी होती. जत्रेच्या दिवशी भंडारा उधळल्याशिवाय मेंढराला कुणी हात लावायचा नाही, ही घराची रीत. ढोल वाजायचे, म्हाळसाबाई बिरोबाच्या ठाण्यापुढं उभी राहायची, देवाचं वारं तिच्या अंगात यायचं, मग ती पहिली मूठ उधळायची, आणि घटकाभरात माणसं, मेंढरं, माळ सगळं पिवळं होऊन जायचं. ज्ञानेश्वरी जाळीला धरून उभी होती, आणि रडत होती.

"बोल," म्हाळसाबाई म्हणाली. "कुणी काय केलं तुला?"

"कुणी न्हाय. आत्या, माझं काम काय हाय, ठावं हाय ना तुमाला?"

"मेंढरांची थुंकी."

पोरगी रडता रडता हसली. "व्हय, थुंकीच. मेंढरं बाभळीचं, हिवराचं काटं चघळत्यात, तोंड आतनं फाटतं, पण ते चिघळत न्हाय. मी ल्हानपणी आबांना इचारलं हुतं, कामून न्हाय चिघळत म्हणून. आबा म्हणले, देवाला ठावं."

"मग देवाचं ऐकायचं सोडून तू पुण्याला गेलीस."

"त्याच सवालापायी गेले. मला वाटतं, त्या लाळेत एक चीज असावी, जी जंतूंना एकमेकाला चिकटून थर धरू देत न्हाय. ती चीज डोळ्याला दिसत न्हाय. म्हणून मी एक रेणू बनवला. लई बारीक असतो तो. लाळेत ती चीज असली की तिला जाऊन चिकटतो अन् निळ्या दिव्याखाली चमकतो. नसली तर अंधारात गप बसतो."

म्हाळसाबाईनं क्षणभर विचार केला. "म्हंजी मेंढीच्या गळ्यातली घंटी. मेंढी झाडामागं गेली तरी कुठं चरायलीय ते कळतं."

"अगदी तसंच. तो रेणू नीट चिकटवायलाच माझी सात-आठ वर्सं गेली. धा बनवायचं, धा फेकायचं. अन् दिवाळीत आबांनी धाडलेल्या नळ्यांत घंटी वाजली, आत्या. अशी वाजली की सगळी संस्था बघायला आली. दुसऱ्या कुणाच्या मेंढरांत न्हाय, निस्त्या आपल्याच. त्याच्यावर मला सोताची प्रयोगशाळा द्यायचं ठरलं."

"मग रडायलीस कामून?"

"गेल्या आठवड्यात एका नळीत मी रेणू घातलाच न्हाय. निस्ती आपल्या मेंढराची लाळ ठिवली दिव्याखाली. तरी चमकली."

"घंटी बांधलीच न्हाय अन् वाजली?"

"कारण ती घंटी न्हवतीच. हळद हुती. निळा उजेड पडला की हळद आपली आपणच चमकती."

म्हाळसाबाईला समजायला वेळ लागला नाही. दिवाळीतला बिरू तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. फोन दगडाला टेकवून ठेवलेला, नळ्या ओळीनं मांडलेल्या, आणि दर मेंढीचं तोंड उघडायच्या आधी हा भला माणूस कमरेच्या पिशवीतला भंडारा काढून तिच्या कपाळाला आणि आपल्या दोन्ही तळव्यांना लावत होता. लेकीचं काम हाय, देवाचं नाव घेऊन करावं, असं म्हणत होता. म्हाळसाबाईनंच त्याला शाबासकी दिली होती.

"आधी तपासायचं न्हाय का गं, बाई?"

"रेणू न घालता तपासलं हुतं. पण दुसऱ्यांच्या मेंढरांवर. ती अंधारी निघाली, मला वाटलं आपलीबी तशीच असतील. जल्म भंडाऱ्यात गेला माझा, अन् तोच मला दिसला न्हाय. दुसरा कुणी असता तर त्यानं पयल्यांदा हळद इचारली असती."

"तुझ्या सायबाला सांगितलंस?"

"मॅडमला. दुसऱ्याच दिवशी. त्या म्हणल्या, स्वच्छ नळ्या घिऊन ये, जे निघंल ते कमिटीपुढं मांड. प्रयोगशाळा देणारी कमिटी पुढच्या महिन्यात हाय."

"अन् काईच न्हाय निघालं तर?"

"तर काई न्हाय निघालं असं सांगंन. प्रयोगशाळा जाईल. इतक्या वर्सांचं काम जाईल." ज्ञानेश्वरीनं डोळे पुसले. "मला भ्या वाटतंय, आत्या. पण त्याच्याहून जास्त भ्या आबांचं वाटतंय. त्यांना कसं सांगू, की तुमच्या हातानं सगळं बुडालं म्हणून?"

मग तिनं मागायचं ते मागितलं. भंडारा उडायच्या आधी चाळीस मेंढरांची लाळ. एकदा उडाला की लोकरीत बसणार, दाव्याला लागणार, मेंढरं एकमेकांना चाटणार, आणि संध्याकाळी कळप फुटून आबा सोनारीकडं अन् धाकटा भाऊ मल्हार तेरकडं निघून जाणार.

"जत्रेला भंडाऱ्याआधी मेंढराला हात?" म्हाळसाबाई उसळली. "डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं? माझ्या सासरचं गेलं, माझा धनी गेला, पण ही रीत म्या कवा चुकू दिली न्हाय."

पोरगी नुसती जाळीतल्या मेंढरांकडं बघत राहिली. भांडली असती तर म्हाळसाबाईला सोपं गेलं असतं.

शेवटी म्हाळसाबाईच आवाज खाली आणून म्हणाली, "एक करता येईल. म्या ठाण्यापुढं हुबी ऱ्हाते. वारं आल्यागत डोलते. अन् सांगते, देव म्हणतोय, अवंदा आधी लेकीचं काम, मग भंडारा. देवाच्या पुढं कोण बोलंल? बिरूलाबी काय कळायचं न्हाय."

ज्ञानेश्वरीचा चेहरा उजळला. तो लोभ म्हाळसाबाईला स्वच्छ दिसला, आणि मावळतानाही दिसला.

"नको," ती म्हणाली. "मी चौथीत हुते, तवा एका जत्रंला वारं आलंच न्हाय. सगळी लोकं वाट बघायली हुती. तुमी डोळं उघडून म्हणलात, अवंदा न्हाय आलं. लोकांनी केवढी नावं ठिवली तुमाला. म्हाळसाबाईचा देव रुसला म्हणले. तुमाला निस्तं डोलता आलं असतं, पण न्हाय डोललात. आत्या, मी पुण्यात, परदेशात लई मोठी मोठी माणसं बघितली. पण काई न्हाय आलं तर न्हाय आलं म्हणायचं, हे मी तुमच्याकडनं शिकले."

म्हाळसाबाई जाळीची गाठ उगाच ओढून बघायला लागली.

गोष्ट घरात फुटायला तेवढाच वेळ पुरला. मल्हार पाण्याची घागर घेऊन आला होता, त्यानं सगळं ऐकलं; रामहरीनं ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि चुलीपाशी बिरूखेरीज सगळ्यांना गोळा केलं.

"खबरदार कुणी तोंड उघडलं तर," रामहरी दबक्या आवाजात म्हणाला. "सरपंच आलेत, शाल आलीय. आज सत्कार होऊ द्या, पुढचं पुढं बघू. घराची बेइज्जत करायची का?"

उमाबाई, जी दिराच्या बाजूनं आजवर कधी बोलली नव्हती, ती आज बोलली. "वन्सं, नानांचं खरं हाय. ह्यांच्या काळजाला लागंल. किती खुशीत हायेत ते."

"लपवून किती दिस लपवणार?" मल्हार म्हणाला. "ताई उद्या जाईल. कळप भेटले की म्या अन् आबा एका ताटात जेवतो. मला न्हाय जमायचं."

"तू मेंढरं बघ," रामहरी म्हणाला.

"मेंढरांचंच बोलायलोय, नाना."

सगळे म्हाळसाबाईकडं बघायला लागले. ती उठली, कारण बाहेर ढोलावर पहिली थाप पडली होती.

ठाण्यापुढं माणसं दाटली. बिरू सगळ्यांत पुढं, पिशवीचं तोंड मोकळं करून. म्हाळसाबाईनं डोळे मिटले. ढोल चढत गेला. तिनं वाट पाहिली, मनापासून पाहिली. देवानं स्वतःच येऊन हा गुंता सोडवावा असं तिला फार वाटलं. अंग नुसतं घामेजलं. गुडघे दुखत होते, तेवढेच जाणवत होते. थोडं डोललं की झालं, असं एक मन म्हणत होतं, आणि ते मन तिच्या भावाच्या मायेनंच बोलत होतं.

तिनं डोळे उघडले आणि हात वर केला. ढोल थांबले.

"अवंदा वारं न्हाय आलं," ती म्हणाली. "आता बोलायलीय ती म्हाळसा. देवाचं नाव कुणी घिऊ नका."

आणि तिनं सांगितलं. घंटीची गोष्ट सांगितली, हळदीची सांगितली. रामहरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेवटी ती बिरूकडं वळली. "बिरू, तुझ्या नळ्या वाया गेल्या, बाबा. पोरीला आज नव्या पायजेत. भंडाऱ्याच्या आधी."

बिरू लेकीकडं बघत होता. "माझ्या हातानं झालं?"

"न्हाय आबा," ज्ञानेश्वरी पुढं आली. "मी तुमाला सांगायचं इसरले. हात कसे धुवायचे, काय लावायचं न्हाय, हे सांगणं माझं काम हुतं. तुमी एकबी थेंब सांडला न्हाय."

बिरूनं आपले तळवे उलटेपालटे करून पाहिले. गर्दीतून म्हातारा बंडप्पा पुढं सरसावला. "म्हाळसाबाई, रीत मोडली तर साऱ्या माळावर कोप हुईल."

"रीत मोडत न्हाय, बंडप्पा मामा. थांबवायलीय. दुपारच्याला भंडारा उडंल, दरसालच्या दुप्पट उडंल. तवर कोप झालाच तर माझ्या जिम्म्यावर. त्याला म्हणावं, म्हाळसाच्या घरी ये."

बंडप्पा पुटपुटत राहिला. पण बिरूनं कमरेची पिशवी सोडली, ठाण्यापुढं ठेवली, आणि कुणाकडं न बघता तो पाण्याच्या हौदाकडं चालायला लागला. राखेनं हात घासले, मग साबणानं, मग दगडानं. नखांतली हळद काडीनं कोरली. तरी तळवे पिवळेच.

"जाईना गं," तो लेकीला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "जन्माचं बसलंय."

ज्ञानेश्वरीनं पेटीतून निळे हातमोजे काढले. बिरूच्या पंजाला ते कसे बसावेत! एक फाटला, दुसरा अंगठ्यात अडकला, तिसऱ्याला मल्हारनं एकीकडून आणि लेकीनं दुसरीकडून ओढून कसाबसा चढवला, मग तसाच दुसऱ्या हाताला. माणसं हसली. बिरूही हसला, आणि त्या हसण्यानं म्हाळसाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला.

मग काम सुरू झालं. बिरू मेंढी धरायचा, जबडा उघडायचा. ज्ञानेश्वरी कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, नळीत घालायची, झाकण लावून कुठली मेंढी ते नळीवर लिहायची. ऊन चढलं तसा बर्फ पाझरायला लागला. पेटीवर सावली करायला काही मिळेना, तेव्हा रामहरी निमूट गेला, त्यानं बॅनरच्या दोऱ्या कापल्या आणि त्याचं एक टोक स्वतः धरून पेटीपाशी उभा राहिला. महाऔषधाची सावली पेटीवर पडली.

"नाना, हात दुखत असतील," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"दुखू दे. फोटो काढू नका म्हंजी झालं."

शेवटच्या नळीचं झाकण लागलं तेव्हा ज्ञानेश्वरी आपणहून आत्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिनं कपाळ पुढं केलं. म्हाळसाबाईनं बोट नाही, मूठच लावली. ढोल पुन्हा वाजले, आणि माळ त्या वर्षी इतका पिवळा झाला की सरपंचांची पांढरी विजार ओळखू येईना.

त्यानंतरचे दिवस मात्र जड गेले. बिरूचा कळप सोनारीच्या वाटेला लागला, म्हाळसाबाई त्याच्यासोबत होती. बिरू चालताना कमी बोलायचा. लेकीचं नाव कुणी काढलं की दुसऱ्याच मेंढराला हाका घालायचा. म्हाळसाबाईला वाटायचं, आपण खरं बोललो ते बरोबर बोललो, पण भावाचं हसू त्या दिवसापुरतंच परत आलं होतं की काय. देवावर तिचा भरवसा होता, तरी रोज सकाळी उठल्या उठल्या ती आधी फोन बघायची.

फोन आला तो एका नांगरट केलेल्या रानात, मेंढरं बसवलेली असताना. म्हाळसाबाईनं बटण दाबून आवाज मोठा केला.

"आत्या, आधी बिनरेणूच्या नळ्या बघितल्या," ज्ञानेश्वरीचा आवाज आला. "सगळ्या अंधाऱ्या. एकीतबी हळद न्हाय."

"अन् घंटीच्या?"

बिरू काठीवर हनुवटी टेकवून उभा होता.

"पुष्कळशा अंधाऱ्याच हायेत, आत्या. पण काहींत उजेड हाय. लई बारीक. पयल्याच्या पुढं काईच न्हाय, डोळं ताणून बघावं लागतं. पण हाय. रेणू घातला की हाय, न्हाय घातला की न्हाय."

बिरूनं म्हाळसाबाईच्या हातातून फोन घेतला. "ह्या बारीला खरा हाय का गं?"

"अजून तसं म्हणता येत न्हाय, आबा. परत तपासावं लागंल, पुन्यांदा तपासावं लागंल. कमिटीपुढं दोन्ही उजेड मांडणार हाय मी, हळदीचाबी अन् हाबी. मॅडम म्हणल्या, प्रयोगशाळा मिळंल न मिळंल, सवाल जित्ता हाय. त्याला आणखी लाळ लागंल. ज्या मेंढरांत उजेड हाय, त्यांचीच. मी येऊ शकत न्हाय, कमिटीची तयारी हाय. तवा नळ्या अन् मोठं हातमोजं धाडते. आबा, तुमी भराल का? दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाय."

बिरूनं तोंड उघडलं, मिटलं, आणि फोन बहिणीच्या हातात कोंबून तो पाठमोरा झाला. खांदे हलत होते.

"आबा? ऐकू येतंय का?" फोनमधून ज्ञानेश्वरी विचारत होती. "आत्या, आबा काय म्हणायलेत?"

"धाड म्हणतोय," म्हाळसाबाई म्हणाली.